'निरर्थक' आरएनए आणि ताण-तणावाचा घोळ

प्रश्न असा आहे की बॅक्टेरियाच्या स्ट्रेस रिस्पॉन्समध्ये, म्हणजे परिस्थिती बिघडली की पेशी जे काही करते त्यात, जो नॉन-कोडिंग आरएनए असतो त्याला मराठीत 'तणावकालीन निरर्थक आरएनए' म्हणायचं का. अजिबात नाही! हे 'निरर्थक' ऐकून ऐकून डोकं उठलंय. नॉन-कोडिंग म्हणजे त्यापासून प्रोटीन बनत नाही एवढंच, कामाला तो वाघ आहे. ई. कोलाय या बॅक्टेरियाला लोह कमी पडलं की आरवायएचबी नावाचा जेमतेम ९० न्यूक्लिओटाइडचा (म्हणजे साखळीतल्या दुव्यांचा) आरएनए तयार होतो, लोह वापरणाऱ्या प्रोटीनांच्या एमआरएनएला (ज्याच्यावरून प्रोटीन बनतं त्या आरएनएला) जाऊन चिकटतो, मग ते एमआरएनए तोडले जातात आणि वाचलेलं लोह जिथे त्यावाचून अडलंय तिथे जातं. याला निरर्थक म्हणायचं?

आणि 'तणाव' कशाला? तणाव दोन घरांत असतो, सीमेवर असतो. उष्णता, उपासमार, हायड्रोजन पेरॉक्साइड यांनी पेशीवर येतो तो ताण. ताण हा तन् धातूचा, तन् म्हणजे ताणणं, पसरणं. त्याच घरातले तान, तनु, संतान, तंत्र (मूळ अर्थ माग, विणायचा!) आणि तंतू. लॅटिनमधला टेन्डेरे आणि त्यावरून आलेलं इंग्रजी टेन्शन हे पण याच मुळाचे भाऊबंद, स्ट्रेस मात्र नाही, तो आवळणं या अर्थाच्या स्ट्रिंगेरेचा. आता बघा, आरएनए हा काय आहे, तंतूच ना? म्हणजे ताण आला की तंतू धावून येतो, दोघं सख्खे भाऊ!

कोशवाले ताण आणि तणाव एकाच ओळीत बसवून मोकळे होतात, ते मला मुळीच पटत नाही. तंबूच्या दोरीला तणावा म्हणतात, तो अरबी 'तनाब'वरून फारसीमार्गे आलेला, आणि माझं ठाम मत आहे की आपल्या तणावात या दोरीचा पीळ मिसळलेला आहे. दोन्हीकडून खेचलेली दोरी, म्हणून तर तो दोन पक्षांत असतो.

हां, नॉन-कोडिंग राहिलं. 'असांकेतिक' नको, सांकेतिकचा अर्थ मराठीत वेगळाच आहे. शिवाय एसजीआरएस बघा, पेशीत ग्लुकोज-फॉस्फेट साचलं की हा २२७ न्यूक्लिओटाइडचा आरएनए ग्लुकोज आत आणणाऱ्या प्रोटीनचा एमआरएनए अडवतो, आणि वर ४३ अमिनो आम्लांचं एक छोटंसं प्रोटीनही त्याच्यावरूनच बनतं! म्हणजे मूळ इंग्रजी नावच इथे लंगडं पडतं. सरळ 'नियामक आरएनए' लिहा, आणि स्ट्रेस रिस्पॉन्सला 'ताण-प्रतिसाद'.