प्लॉट विकून मुलाला अमेरिकेत बास्केटबॉलसाठी पाठवावे का?

प्रश्न : मी 49 वर्षांचा असून नागपुरात नोकरी करतो. आम्हा दोघांचे मिळून दरमहा 1 लाख 30 हजार हाती येतात, गृहकर्जाचा हप्ता 18 हजार आहे. अकरावीत असलेला, 6 फूट 5 इंच उंचीचा मुलगा राज्य संघातून खेळला आहे. एका एजंटमार्फत फ्लोरिडातील निवासी शाळेने त्याला ‘अंशतः शिष्यवृत्ती’ देऊ केली असून दोन वर्षांचा उरलेला खर्च सुमारे 80 लाख आहे. 2009 मध्ये 9 लाखांना घेतलेला प्लॉट आज 42 लाखांना जाईल. बाकीचे 40 लाख घर तारण ठेवून उभे करावेत का? धाकटी मुलगी नववीत आहे.

उत्तर : या स्वरूपात हा व्यवहार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलाच्या खेळावर शंका घेण्याचा मला अधिकार नाही. माझा आक्षेप पैसे कोण कोणाला देत आहे, यावर आहे. पंजाबच्या बल्लो के गावचा सतनामसिंग भमरा 2010 मध्ये फ्लोरिडातील आयएमजी अकादमी या निवासी क्रीडाशाळेत गेला तो शिष्यवृत्तीवर. 2015 मध्ये डॅलस मॅव्हरिक्स संघाने त्याला 52व्या क्रमांकावर निवडले आणि एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, निवड झालेला तो पहिला भारतीय ठरला. तरीही 7 फूट 2 इंच उंचीच्या या खेळाडूला एनबीएचा एकही सामना खेळायला मिळाला नाही, दुय्यम लीगमध्ये खेळून तो पुढे व्यावसायिक कुस्तीकडे वळला. त्या दुय्यम लीगचे हंगामाचे मानधन आजही सुमारे 40 हजार डॉलरच्या घरात आहे, म्हणजे आपण शाळेला एका वर्षासाठी देणार त्याहून फारसे वेगळे नाही. ज्या शाळेला खेळाडू खरोखर हवा असतो ती त्याचा खर्च उचलते; 80 लाख मागणारी ‘शिष्यवृत्ती’ ही बहुधा फीमधली सवलत असते.

आता आकडे पाहू. प्लॉटच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर चार लाखांच्या आसपास बसेल, त्यामुळे 42 लाख पूर्ण हाती येणार नाहीत. निवृत्ती 58व्या वर्षी धरली तर 40 लाखांचे कर्ज 9 वर्षांत फेडावे लागेल आणि 10 टक्के व्याजाने त्याचा हप्ता सुमारे 56,300 रुपये होईल. जुन्या हप्त्यासह 74 हजार, म्हणजे निम्म्याहून अधिक मिळकत हप्त्यांतच जाईल, आणि तीही नेमकी मुलीच्या बारावीनंतरच्या शिक्षणाच्या वर्षांत. शैक्षणिक कर्जावरील व्याजाची वजावट बारावीनंतरच्या शिक्षणालाच मिळत असल्याने या शाळेच्या खर्चाला तोही आधार नाही.

मुलगा पुढे महाविद्यालयात नाव आणि छायाचित्र जाहिरातींत वापरू देण्याच्या करारांतून कमवील, असे एजंट सांगत असल्यास ते हिशेबात धरू नका. विद्यार्थी व्हिसावर काम करून कमावण्यावर कडक निर्बंध असतात.

माझ्या मते मुलाने बारावी इथेच करावी, राष्ट्रीय स्पर्धा खेळाव्यात आणि सामन्यांच्या चित्रफिती अमेरिकी महाविद्यालयांच्या प्रशिक्षकांकडे स्वतः पाठवाव्यात. तेथील विद्यापीठीय क्रीडासंघटनेच्या पहिल्या व दुसऱ्या विभागातील महाविद्यालयांना क्रीडा शिष्यवृत्ती देता येते, तिसऱ्या विभागातील महाविद्यालयांना येत नाही. पण शालेय वर्षांतले ठरावीक 16 विषय-अभ्यासक्रम पूर्ण असावे लागतात, म्हणून गुणपत्रिकांकडे आतापासून लक्ष हवे. प्रशिक्षण, व्यायामतज्ज्ञ आणि प्रवास यांसाठी दोन वर्षांत सहा लाखांपर्यंत खर्च आपल्या मिळकतीला पेलेल. रेल्वे, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक यांचे संघ आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांतील खेळाडूंचे 5 टक्के आरक्षण हे मार्ग कमी प्रतीचे समजू नयेत. भारतात बास्केटबॉलवर पोट भरणारे बहुतेक जण त्याच वाटेने गेले आहेत.

तरीही शाळेशी बोलणी चालू ठेवायची असतील, तर एजंटाला बाजूला ठेवून शाळेकडून थेट दोन गोष्टी लेखी मागा : एकूण खर्चाचा बाबवार तपशील, आणि मागील तीन वर्षांत परदेशातून आलेल्या किती मुलांना महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळाली, त्या महाविद्यालयांच्या नावांसह. ते उत्तर हाती येईपर्यंत प्लॉटची इसारपावती करू नये.