हाउसबोट न घेता केरळच्या बॅकवॉटरमध्ये दोघांना एक दिवस कसा घालवता येईल?

तुम्ही लिहिलंय की दोघंच जाणार आहात, हातात एकच दिवस आहे आणि हाउसबोटीवर मुक्काम करावा की नाही ते ठरत नाहीये. माझं मत विचाराल तर मुक्काम सोडा आणि कोल्लमहून अलप्पुळ्याला दिवसभराच्या बोटीने जा. ही केरळ सरकारच्या जलवाहतूक खात्याची बोट. आम्ही नवरा-बायको गेलो तेव्हा ती सकाळी साडेदहाला सुटली आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास पोचली. जेवणाला आणि चहाला वाटेत थांबते.

हाउसबोटीत वाईट काही नाही. पण संध्याकाळी साडेपाचच्या आसपास ती काठाला बांधतात, कारण त्यानंतर मासेमारीची जाळी लागतात. म्हणजे भाडं रात्रीचं आणि फिरणं दुपारपुरतंच. कोल्लमची बोट मात्र खरोखर प्रवास करते, आणि मला तेच फार आवडलं.

हा राष्ट्रीय जलमार्ग 3. त्याचा कोल्लम ते कोट्टपुरम हा 168 किलोमीटरचा पट्टा 1993 साली जाहीर झाला. त्यातला साधारण निम्मा तुम्ही पार करता. सुरुवात अष्टमुडी तलावात. पाणी इतकं पसरलेलं की आपण खाडीत आहोत की समुद्रात ते कळत नाही. नींदकराच्या बाजूला मासेमारीच्या बोटींची गर्दी आणि काठाकाठाने चिनी जाळी, म्हणजे लाकडी सांगाड्याला टांगून पाण्यात खाली-वर करायची मोठी जाळी. मग बोट कालव्यात शिरते आणि सगळं जवळ येतं: कपडे धुणाऱ्या बायका, दारात बांधलेल्या होड्या, शाळेतून परतणारी मुलं.

आलप्पाडपाशी डावीकडे जमिनीची एक चिंचोळी पट्टी दिसेल. तिच्या एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला थेट अरबी समुद्र. 2004 च्या त्सुनामीत केरळमधलं सर्वांत मोठं नुकसान इथेच झालं. पळायला जागाच नव्हती. त्यानंतर अमृतपुरीला माता अमृतानंदमयींच्या आश्रमापाशी कालव्यावर पादचारी पूल बांधला, म्हणजे पुन्हा वेळ आलीच तर लोकांना चालत पलीकडे जाता येईल. बोट त्याच पुलाखालून जाते. आम्ही दोघंही तिथे बराच वेळ काही बोललो नाही.

पुढे कायमकुळम तलाव, आणि मग पल्लना. मल्याळम कवी कुमारन आशान 16 जानेवारी 1924 रोजी इथेच बुडाले. तेही कोल्लमहून अलप्पुळ्याला निघाले होते, ‘रिडीमर’ नावाच्या बोटीने, रात्री. काठावर त्यांचं स्मारक आहे. कविता वाचत असाल तर जाण्यापूर्वी त्यांची एखादी अनुवादात मिळते का पाहा.

तोट्टप्पळ्ळीनंतर कुट्टनाड सुरू होतं, आणि माझ्या लेखी दिवसाचा खरा भाग हाच. इथली भातशेती समुद्रसपाटीच्या खाली आहे, काही ठिकाणी दोन-अडीच मीटर. बोटीत बसून बांधापलीकडे पाहिलं की शेत आपल्यापेक्षा खाली दिसतं, पाणी वर आणि पीक खाली. पंपाने पाणी उपसून, बांध राखून माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या ही जमीन कसली आहे. 2013 साली जागतिक अन्न व कृषी संघटनेने या शेतीपद्धतीला जागतिक कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. आपण कोकणातली खारभूमीची शेती पाहिलेली असते, तरी हा पसारा बघून थक्क व्हायला होतं. जलपर्णीने मात्र काही कालवे पार भरून गेलेत, ते बघवत नाही.

आता कामाचं. आठ तास बसायचंय, बाकं साधी आहेत. पाठीला त्रास असेल तर छोटी उशी घ्या. उत्तरेकडे जाताना समुद्राची बाजू डावी, म्हणून दुपारनंतर ऊनही डावीकडून येतं. आम्ही सकाळी डावीकडे बसलो आणि चहानंतर उजवीकडे सरकलो. टोपी, पाण्याची बाटली, थोडा सुका खाऊ हवाच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सुखाची असते. ही फेरी कायम सुरू असतेच असं नाही, म्हणून तिकिटं काढण्याआधी जलवाहतूक खात्याकडे चौकशी करा.

ती बंद असेल तर अलप्पुळा–कोट्टायम ही खात्याचीच रोजची प्रवासी बोट घ्या: साधारण अडीच तास, तिकीट अगदी किरकोळ, सोबत बाजारहाट करून परतणारी गावातली माणसं. मुंबईकडून येत असाल तर नेत्रावती एक्सप्रेस अलप्पुळा आणि कोल्लम दोन्हीकडे थांबते. कोल्लमला उतरा, रात्री तिथेच राहा आणि सकाळी जेट्टी गाठा.