वाचकांचे प्रश्न : घोडीची किंमत

अकलूजचा घोडेबाजार जवळ आला की घोड्यांविषयीची पत्रे वाढतात. या वेळी सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी बरीचशी घोडीबद्दल होती, त्यामुळे हे पान तिच्यासाठीच ठेवले आहे.

प्रश्न : २०२५च्या नोव्हेंबरात फॉरएव्हर यंग या जपानी घोड्याने अमेरिकेतली ब्रीडर्स कप क्लासिक जिंकली. जपानने अमेरिकेतून संडे सायलेन्स नावाचा वळू घोडा नेला आणि तिथून त्यांचे नशीब फिरले, असे ऐकतो. एका घोड्याने एवढे होते का?
– एक वाचक, अकलूज

उत्तर : संडे सायलेन्सचे श्रेय मोठेच आहे. १९८९ साली त्याने केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि ब्रीडर्स कप क्लासिक जिंकली. तरीही त्याच्या आईचे घराणे साधे म्हणून अमेरिकी पैदासकारांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. जपानी पैदासकार झेन्या योशिदा यांनी त्याला होक्काइदो बेटावरच्या आपल्या पागेत नेले आणि १९९५ ते २००७ अशी सलग १३ वर्षे तो जपानचा अव्वल वळू ठरला. साध्या घराण्यातल्या घोडीच्या पोटी असा घोडा निपजणे हा अपवाद आहे, हे आधीच कबूल करतो.

पण तो ज्या घोड्यांना लागला, त्या घोड्या आल्या कुठून, हा खरा प्रश्न आहे. फॉरएव्हर यंगचेच पाहा. त्याची आई फॉरएव्हर डार्लिंग ही अमेरिकेत जन्मलेली घोडी. बाप रिअल स्टील जपानचा, पण रिअल स्टीलची आई लव्हज ओन्ली मी पुन्हा अमेरिकेत जन्मलेली, आणि तीही मिएस्क या घोडीची नात. मिएस्क म्हणजे १९८७ आणि १९८८ अशी दोन वर्षे ब्रीडर्स कप माइल जिंकणारी. म्हणजे अमेरिकेत जाऊन जिंकणाऱ्या या जपानी घोड्याच्या अंगात, आईकडून आणि बापाच्या आईकडून, अमेरिकेतून नेलेल्या घोड्यांचेच रक्त आहे.

घोड्या विकत आणण्याची ही सवय तिथे जुनी आहे. इवाते प्रांतातल्या कोइवाई फार्मने १९०७ साली इंग्लंडमधून २० घोड्या आणल्या. त्यांतल्या फ्लोरीज कप या घोडीच्या वंशात पुढे ८८ वर्षांनी स्पेशल वीक हा नावाजलेला घोडा जन्मला, आणि २००७ची जपानी डर्बी जिंकणारी व्होडका ही घोडीही त्याच वंशातली. सांभाळलेले घराणे शंभर वर्षांनीही फळ देते, ते असे.

प्रश्न : वळू घोडा वर्षाला दोनशे घोड्या भरवतो. मग घोडीला कोटी-कोटी रुपये का मोजतात? मोल तर वळूचे असायला हवे.
– एक वाचक, बार्शी

उत्तर : तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. वळू दोनशे घोड्या भरवतो, म्हणून त्याचे रक्त फी भरून कोणालाही मिळते. जपानचा गाजलेला वळू डीप इम्पॅक्ट, त्याची फी शेवटच्या वर्षांत ४ कोटी येन होती. महाग, पण ज्याच्याकडे पैसे होते त्याला दार उघडे होते. घोडीचे तसे नाही. तिचा गाभ सुमारे ३४० दिवसांचा, म्हणजे वर्षाला फार तर एक शिंगरू. मध्येच एखादे वर्ष ती रिकामी जाते, एखादा गाभ जातो. निरोगी घोडीकडून आयुष्यात दहा-बारा शिंगरे मिळाली तर पुष्कळ. तिच्या पोटचे हवे असेल, तर ती घोडी किंवा तिची लेक दावणीला असावी लागते. थरोब्रेड या शर्यतीच्या जातीत कृत्रिम रेतन आणि भ्रूण प्रत्यारोपण दोन्हींना मनाई आहे, म्हणून ही टंचाई कधी संपत नाही.

विंड इन हर हेअरचे उदाहरण घ्या. १९९४च्या इंग्लिश ओक्स या फक्त घोडींच्या शर्यतीत ती दुसरी आली, आणि पुढच्या वर्षी गाभण असताना जर्मनीतली मोठी शर्यत जिंकली. तिची पणजी... चुकलो, तिच्या आईची आई हायक्लेअर ही इंग्लंडच्या राणीची घोडी, १९७४ सालची वन थाउजंड गिनीज जिंकलेली. विंड इन हर हेअर होक्काइदोच्या नॉर्दर्न फार्मवर गेली. संडे सायलेन्सपासून तिला २००१ साली ब्लॅक टाइड झाला आणि २००२ साली डीप इम्पॅक्ट. डीप इम्पॅक्टने २००५मध्ये जपानच्या तिहेरी मुकुटाच्या तिन्ही शर्यती एकही हार न पत्करता जिंकल्या. ब्लॅक टाइड शर्यतीत धाकट्या भावाच्या जवळपासही नव्हता. पण त्याचा मुलगा किटासान ब्लॅक, आणि किटासान ब्लॅकचा मुलगा इक्विनॉक्स. हा इक्विनॉक्स २०२३ साली १३५ गुणांकन घेऊन जगातला सर्वोत्तम घोडा ठरला. थोरल्याला जे धावून दाखवता आले नाही, ते आईच्या रक्तातून नातवा-पणतवात उतरले. घोडीवर पैसे लावणारा माणूस हेच विकत घेत असतो.

दुसरी गोष्ट लेकींची. डायना कार्ल १९८३ साली जपानी ओक्स जिंकली. तिची लेक एअर ग्रूव्ह १९९६ साली तीच शर्यत जिंकली. एअर ग्रूव्हची लेक अॅडमायर ग्रूव्ह हिने क्वीन एलिझाबेथ कप लागोपाठ दोन वर्षे नेला, आणि तिचा मुलगा दुरामेंते २०१५च्या डर्बीचा विजेता. प्रत्येक पिढीत वळू वेगळा होता, त्या त्या काळातला उत्तम. कायम राहिली ती फक्त आईची ओळ. सेझारिओ या घोडीचे तर तीन मुलगे एपिफानिया, लिओंटेस आणि सॅटर्नालिया तीन वेगवेगळ्या वळूंपासून झाले आणि तिघेही अव्वल दर्जाच्या शर्यती जिंकून वळू म्हणून उभे राहिले. बाप बदलूनही निकाल तोच आला, तर गुण कोणाचा, हे सांगायला नको.

आपल्याकडे बाजारात नेमके उलटे होते. चांगला नर आला तर गर्दी, आणि चांगल्या घोडीची मादी शिंगरे मात्र पहिल्या गिऱ्हाइकाला. पैशाची अडचण असेल तर नर विका. घरातल्या सर्वांत चांगल्या घोडीची एक तरी लेक ठेवा.

प्रश्न : बाजारात घोडी घेताना भोवरे (अंगावरची केसांची वळणे), देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा), पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंडावर पांढरा रंग) हे आम्ही बघतो. पैदाशीसाठी आणखी काय बघावे?
– एक वाचक, माळशिरस

उत्तर : भोवऱ्यांवर बाजारभाव ठरतो, त्यामुळे ते बघणे समजू शकते. पण त्यांचा गर्भधारणेशी काही संबंध नाही. पहिला प्रश्न विचारा : आतापर्यंत किती वेळा भरवली आणि किती शिंगरे जिवंत झाली? चार वर्षे भरवून एकच शिंगरू असेल, तर घोडी कितीही देखणी असो, हात आखडता घ्या. शक्य असेल तर तिचे एखादे शिंगरू, बहीण किंवा आई पाहून या. वय दातांवरून तपासा. पंधरा-सोळा वर्षांनंतर गाभ राहण्याचे प्रमाण घटत जाते, आणि त्या वयात पहिल्यांदाच भरवायची असेल तर अडचण आणखी वाढते.

मग शेपूट उचलून मागून बघा. हे बहुतेक जण लाजेने किंवा घाईने टाळतात आणि तिथेच फसतात. योनिद्वार उभे आणि घट्ट मिटलेले हवे. गुदद्वार आत खेचले गेले असेल आणि योनिद्वार त्याच्याकडे तिरपे झुकलेले असेल, तर लीद त्यावर पडते, चालताना हवा आत ओढली जाते आणि गर्भाशयाला सूज येते. अशी घोडी पुन्हा पुन्हा उलटते, म्हणजे गाभ न राहता परत माजावर येते. त्यावर वरच्या भागाला टाके घालण्याचा उपाय आहे, पण व्यायच्या दोन-तीन आठवडे आधी ते उघडावे लागतात. विसरलात तर फाटते. शेवटी, सौदा पक्का करण्याआधी पशुवैद्यकाकडून गर्भाशयाची सोनोग्राफी करून घ्या. तो खर्च घोडीच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

प्रश्न : जपानमध्ये थंडीत घोड्यांना रात्री दिवे लावतात म्हणे. आपणही लावावेत का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : गरज नाही. घोडी दिवस मोठा होऊ लागला की माजावर येते. होक्काइदोत डिसेंबरात दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो आणि थरोब्रेडचे वय १ जानेवारीपासून मोजतात. शिंगरू वर्षाच्या सुरुवातीलाच जन्मावे म्हणून तिथे डिसेंबरपासून रोज साडेचौदा तास उजेड देतात. परिणाम दिसायला सुमारे दोन महिने लागतात. सोलापुरात सर्वांत लहान दिवसही अकरा तासांचा असतो. इथे दिव्यापेक्षा मे महिन्यातल्या सावलीची आणि पाण्याची काळजी मोठी.

माजाचे चक्र मात्र लिहून ठेवा. साधारण २१ दिवसांचे चक्र, त्यात पाच ते सात दिवस माज, आणि बीज माजाच्या शेवटच्या एक-दोन दिवसांत सुटते. माजाच्या पहिल्याच दिवशी भरवून घरी नेलेल्या घोड्या बऱ्याचदा याच कारणाने रिकाम्या राहतात. भरवल्यानंतर १४ ते १६ दिवसांत सोनोग्राफी करा. जुळे असेल तर त्याच वेळी एक गर्भ दाबून काढता येतो. पुढे ते अवघड होत जाते, आणि जुळे ठेवले तर बहुधा दोन्ही जातात.

प्रश्न : गाभण घोडीला ज्वारीचा कडबा आणि उसाचे वाढे चालते का?
– एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : नीट वाळलेला, स्वच्छ कडबा चालतो, पण तो एकटा पुरत नाही. हिरव्या कोवळ्या ज्वारीत आणि कापणीनंतर फुटलेल्या धुमाऱ्यात घोडीला सोडू नका. त्यातल्या सायनाइडजन्य विषाने मागचे पाय लुळे पडतात, लघवी थेंब थेंब गळते, गाभ जातो किंवा शिंगरू आखडलेल्या सांध्यांचे जन्मते. पावसात भिजून काळा पडलेला कडबा आणि बुरशी आलेला मका, दोन्ही बाद.

उसाच्या वाढ्यात ऑक्झलेट असते, ते चाऱ्यातला चुना (कॅल्शियम) बांधून ठेवते. त्यावर भरपूर गव्हाचा कोंडा दिला की स्फुरद (फॉस्फरस) वाढतो आणि शरीर हाडांतून चुना ओढू लागते. घोडी लंगडते, जबड्याची हाडे फुगतात. वाढे आणि कोंडा हीच मुख्य वैरण असलेल्या तबेल्यांत हे हमखास होते. त्यावर उतारा म्हणजे लसूणघास, कारण त्यात चुना भरपूर असतो.

३५० किलोच्या घोडीला रोज सात ते आठ किलो कोरडी वैरण धरा, त्यात दीड-दोन किलो वाळलेला लसूणघास. पहिले आठ महिने तिला वेगळे काही लागत नाही. लोक इथेच खुराक वाढवून तिला लठ्ठ करतात. शिंगरू पोटात खरे वाढते ते शेवटच्या तीन महिन्यांत. तेव्हा ओट्स, जव आणि भिजवलेला हरभरा मिळून दोन-अडीच किलो, दोन-तीन वेळांत विभागून, हळूहळू वाढवत न्या. रोज ३० ग्रॅम मीठ. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवला की हाताला लागाव्यात. घोडी व्यायल्यावर खुराक आणखी वाढवा, कारण दुधाचे दिवस गाभाच्या दिवसांपेक्षा जड असतात. उन्हाळ्यात दुभत्या घोडीला ५० लिटरवर पाणी लागू शकते.

प्रश्न : घोडी रात्री व्यायली आणि वार पडेपर्यंत शिंगराला पाजू नये असे घरच्या मोठ्यांनी सांगितले. सकाळपर्यंत शिंगरू मलूल झाले. चूक कुठे झाली?
– एक वाचक, पंढरपूर

उत्तर : पाजायला थांबलात, तिथेच. शिंगरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारी द्रव्ये जवळजवळ नसतात. ती सगळी चिकातून येतात. आतडे ती शोषून घेते ते पहिल्या काही तासांत, २४ तासांनी ते दार बंद होते. जन्मल्यापासून दोन तासांत तोंड सडाला लागलेच पाहिजे आणि पहिल्या सहा तासांत एक ते दीड लिटर चीक पोटात गेला पाहिजे. शिवाय शिंगरू चोखू लागले की घोडीच्या गर्भाशयाला कळा येतात आणि वार सुटायला मदतच होते. थांबण्याने दोघांचेही नुकसान होते. मोठ्यांचा हेतू वाईट नव्हता, गाई-म्हशींतून आलेली ती समजूत आहे, आणि तिथेही ती चूकच आहे.

पुढच्या वेळी एक-दोन-तीन एवढे लक्षात ठेवा. एका तासात शिंगरू उभे राहावे, दोन तासांत प्यावे, तीन तासांत वार पडावी. तीन तास उलटले तर डॉक्टरांना बोलवा, सकाळची वाट पाहू नका. अडकलेल्या वारेने गर्भाशय सडते आणि त्याचे विष खुरांत उतरून घोडी कायमची लंगडी होऊ शकते. लोंबणारी वार ओढू नका, तिला वीट बांधू नका. घोडीच्या पायाखाली येणार नाही अशी गुंडाळून वर बांधा. पडल्यावर पसरून वारेची दोन्ही शिंगे, म्हणजे तिची दोन निमुळती टोके, पूर्ण आहेत का ते पाहा, टोक आत राहिले तरी पुरेसा घात होतो.

पाणमोट फुटल्यावर २० ते ३० मिनिटांत शिंगरू बाहेर यायला हवे. पुढचे दोन पाय, एक जरा पुढे, तळवे खाली आणि गुडघ्यांवर नाक, ही बरोबर स्थिती. पांढऱ्या पडद्याऐवजी लाल मखमली पिशवी बाहेर आली, तर वार आधीच सुटली आहे आणि शिंगराचा श्वास कोंडतो आहे. डॉक्टरांची वाट न पाहता ती पिशवी लगेच फाडा आणि शिंगरू ओढून घ्या. नाळ कापू नका, ती आपोआप तुटू द्या, मग बुंध्याला सौम्य जंतुनाशकात बुडवा.

व्यायच्या एक महिना आधी घोडीला धनुर्वाताची लस द्या, म्हणजे ते संरक्षणही चिकातून शिंगराला मिळते. आणि शेवटचे तीन-चार आठवडे ज्या तबेल्यात ती व्यायची आहे तिथेच बांधा. त्या जागेतल्या जंतूंविरुद्धची ताकद तिच्या चिकात तयार व्हायला एवढे दिवस लागतात.