भूगोलाच्या बाईंना विचारा: दहा वर्षांत दुप्पट झालेलं गाव

प्रश्न: नमस्कार बाई. माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत सिएटलजवळ कर्कलँड नावाच्या गावात राहतात. येत्या जूनमध्ये मी त्यांच्याकडे जाणार आहे. नातू फोनवर सांगत होता की 2010 साली गावात 48 हजार माणसं होती आणि 2020 साली 92 हजार. दहा वर्षांत एवढी माणसं आली कुठून? गाव मोठ्या तळ्याकाठी आहे आणि नातू उन्हाळ्यात त्याच तळ्यात पोहतो. एवढ्या वस्तीचं सांडपाणी जातं कुठं, या विचाराने माझा जीव खालीवर होतो. आणखी एक, मुलगी येताना बदाम आणते, त्या पाकिटावर ‘कर्कलँड’ असतं. ते हेच गाव का?
— एक वाचक, कराड

उत्तर: ताई, नातवाचे आकडे बरोबर आहेत. जनगणनेत 2010 ला 48,787 आणि 2020 ला 92,175 अशी नोंद आहे. पण वाढलेल्यांपैकी तीस हजारांहून जास्त माणसं कुठूनही आलेली नाहीत. ती आपापल्या घरीच होती, गावच त्यांच्यापर्यंत गेलं. आपल्याकडे याला हद्दवाढ म्हणतात. फिन हिल, उत्तर वानीटा आणि किंग्जगेट या शेजारच्या वस्त्या तोवर कुठल्याच शहरात नव्हत्या. त्यांचा कारभार थेट किंग काउंटीकडे, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या यंत्रणेकडे होता. 1 जून 2011 रोजी त्या कर्कलँडमध्ये आल्या. उरलेली दहा-बारा हजारांची वाढ मात्र खरी. गूगलचं कार्यालय गावात 2004 पासून आहे, मायक्रोसॉफ्टचं रेडमंड शेजारीच, आणि टोटेम लेक भागात जुना मॉल पाडून तिथं दुकानं आणि सदनिका उभ्या राहिल्या आहेत. तुमचे जावई बहुधा या खऱ्या वाढीतलेच.

मी हे इतकं बजावून सांगते, कारण चाळीस वर्षं शाळेत लोकसंख्येचे तक्ते शिकवताना मुलांना पहिला प्रश्न हाच विचारायला लावायचे: माणसं वाढली की नकाशा वाढला? कर्कलँडचा जुना तक्ता याच प्रश्नाने वाचून बघा. 1960 ला सुमारे 6 हजार वस्ती, 1970 ला 15 हजारांच्या घरात. मध्ये 1968 ला दक्षिणेचं हॉटन हे वेगळं गाव त्यात विलीन झालं होतं. 1980 ला जेमतेम 19 हजार, 1990 ला 40 हजार. मध्ये 1988 ची हद्दवाढ. प्रत्येक मोठ्या उडीच्या मागे नकाशावरची एक नवी रेघ आहे. पुण्यात 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं महापालिकेत आली, तेव्हा हेच घडलं. आणि मी कोल्हापूरची, जिथं हद्दवाढीचा प्रश्न कित्येक वर्षं अडून बसलाय, त्यामुळे या शब्दाचं वजन मला पाठ्यपुस्तकाबाहेरही चांगलं ठाऊक आहे.

गर्दीची धास्ती घेऊ नका. आज कर्कलँडची जमीन सुमारे 46 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे दर चौरस किलोमीटरला साधारण दोन हजार माणसं. कोल्हापूर शहरात 2011 च्या जनगणनेप्रमाणे तेवढ्याच जागेत आठ हजारांच्या वर होती. पहिले आठ दिवस तुम्हाला उलट सुनंसुनं वाटेल.

2018 च्या उन्हाळ्यात मी धाकट्या बहिणीकडे त्याच भागात दीड महिना होते. पहिल्याच दिवशी गुडघ्यांनी भूगोल शिकवला. तळ्याला समांतर, उत्तर-दक्षिण चाललं की रस्ता बराचसा सपाट आणि पूर्वेला वळलं की चढच चढ. हिमयुगात उत्तरेकडून आलेल्या बर्फाच्या अजस्र थराने ही जमीन नांगरासारखी उत्तर-दक्षिण खरवडली. उंचवटे राहिले ते डोंगररांगांसारखे आणि खोल चरीत पाणी साठलं, तेच हे लेक वॉशिंग्टन. लांबी सुमारे 35 किलोमीटर, जास्तीत जास्त खोली 65 मीटर, तळाशी मऊ गाळाचा जाड थर. खांब रोवणं इतकं अवघड की सिएटलला जाणारा पूल चक्क पाण्यावर तरंगतो. 2016 साली खुला झालेला हा पूल तरंगत्या पुलांमध्ये जगात सर्वांत लांब आहे. नातवाला सांगून एकदा तरी त्यावरून पायी जा, चालायला वेगळी वाट आहे. गाव पूर्व काठावर असल्याने सूर्य पाण्यापलीकडे मावळतो, जूनअखेरीस तर रात्री नऊनंतर.

आता तळ्याच्या काठाबद्दल. जमिनीकडची हद्द माणसांनी सरकवली हे पाहिलं. पाण्याकडचीही त्यांनीच सरकवली! समुद्राकडे जहाजांसाठी कालवा काढला तेव्हा, 1916 साली, सगळं तळं सुमारे नऊ फुटांनी खाली उतरलं. आधी तळ्याचं पाणी दक्षिणेकडून ब्लॅक रिव्हर नावाच्या नदीने बाहेर पडायचं. ती नदी आटून गेली. काठावर राहणाऱ्या मूळच्या डुवामिश लोकांची ती वाट होती, मासेमारीची जागा होती. वर्गात या कालव्याबद्दल सांगताना मी त्या नदीचं नाव कधी गाळलं नाही. कर्कलँडच्या बाजूला वानीटाच्या उपसागरात पाण्याखालची जमीन उघडी पडली. पुढे तिथं गोल्फचं मैदान झालं, 1970 च्या दशकात ते बंद पडलं आणि शहराने जागा घेऊन पाणथळ उद्यान केलं. लाकडी फळ्यांच्या वाटेवरून चालत गेलात की ओंडक्यांवर ओळीने ऊन खात बसलेली कासवं दिसतील. मी तिथं रोज सकाळी जायचे.

आणि तुमची खरी काळजी, सांडपाणी. ताई, तुमची भीती साठ-सत्तर वर्षांपूर्वी अगदी योग्य ठरली असती. काठावरच्या गावांची प्रत्येकाची आपली वेगळी शुद्धीकरण केंद्रं होती, दहाच्या वर, आणि रोज सुमारे साडेसात कोटी लिटर पाणी तळ्यात सोडलं जायचं. ते प्रक्रिया केलेलंच असायचं, पण त्यात फॉस्फरस राहायचा आणि फॉस्फरस म्हणजे शेवाळाचं खत. 1955 साली वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ एडमंडसन यांच्या गटाला तळ्यात एक विशिष्ट नीलहरित शेवाळ सापडलं. युरोपातली तळी बिघडताना हेच आधी दिसलं होतं, त्यामुळे पुढे काय होणार ते त्यांनी ओळखलं आणि जाहीरपणे सांगितलं. एकट्या गावाने नळ वळवून उपयोग नव्हता, सगळ्यांची मिळून एक यंत्रणा हवी होती. मार्च 1958 मध्ये त्यासाठी मतदान झालं. सिएटलने होकार दिला, उपनगरांनी नाकारलं. सप्टेंबरमध्ये थोडी आटोपशीर योजना पुन्हा मताला टाकली, तेव्हा ती मंजूर झाली. 1963 ते 1968 या काळात सगळं सांडपाणी तळ्यापासून दूर वळवलं गेलं.

1964 साली पाण्यात पांढरी तबकडी सोडली तर पाऊण मीटरवर ती दिसेनाशी व्हायची. 1968 मध्ये ती तीन मीटरपर्यंत दिसायला लागली. चार वर्षांत! हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला रडू आलं होतं. त्याच वर्षी मी आठवीच्या मुलींना घेऊन रंकाळ्यावर गेले होते, स्टीलच्या ताटलीला दोरी बांधून. ताटली हातभर खोलीवर नाहीशी झाली. मुलींनी विचारलं, ‘बाई, हे पाणी पुन्हा स्वच्छ होतं का?’ लेक वॉशिंग्टनमुळे मला ‘होतं’ असं छातीठोकपणे सांगता आलं.

तेव्हा नातवाला पोहू द्या. उन्हाळ्यात काउंटी पोहण्याच्या किनाऱ्यांवर नियमित नमुने तपासते आणि जंतू वाढले तर तेवढे दिवस किनारा बंद ठेवते. तशी पाटी दिसली तर मात्र ऐकायचं, हट्ट चालवून घ्यायचा नाही.

बदामांचं म्हणाल तर हो, नाव याच गावाचं. कॉस्टको कंपनीचं मुख्यालय तिथं होतं आणि 1995 साली कंपनीने स्वतःच्या मालाला हे नाव दिलं. पुढल्याच वर्षी मुख्यालय इसाक्वाला गेलं, नाव राहिलं. बदाम मात्र त्या गावात पिकत नाहीत.

जाताना सामानात एक पांढरी ताटली आणि सहा मीटर दोरी ठेवा. दोरीला दर अर्ध्या मीटरवर गाठ मारा. नातवाला लाइफ जॅकेट घालून धक्क्यावर न्या, ताटली सोडायला लावा आणि कितव्या गाठीला ती दिसेनाशी झाली ते मला लिहून कळवा. तारीख आणि वेळ लिहायला विसरू नका.