नागपुरात एका दिवसात कोणत्या ऐतिहासिक वास्तू बघता येतील?

सकाळी दीक्षाभूमीपासून सुरुवात करा. 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी इथेच लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. स्तूप बाहेरून भव्य दिसतो, पण आत शिरल्याशिवाय परतू नका. घुमट आतून पूर्ण पोकळ आहे आणि माणसं आपोआप हळू बोलायला लागतात. दुसरं काही जमलं नाही तरी चालेल, हे मात्र चुकवू नका. 14 ऑक्टोबर आणि दसऱ्याच्या सुमारास प्रचंड गर्दी असते, त्या तयारीनेच या.

तिथून मेट्रोने झिरो माईल. वाळूच्या दगडाचा खांब आणि चार घोडे, दहा मिनिटांत बघून होतं. विधानभवन जवळच आहे, तेही बाहेरूनच बघावं लागेल. नागपूर आधी मध्य प्रांताची आणि मग 1956 पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं, आता महाराष्ट्राची उपराजधानी. सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या इमारतींचा थाट त्याच काळातला. तिथलंच अजब बंगला म्हणजे 1863 चं मध्यवर्ती संग्रहालय. सोमवार टाळा.

सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. 1817 मध्ये भोसले आणि इंग्रजांची लढाई झाली ती याच टेकडीवर. सामान्य माणसाला 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टलाच आत सोडतात. तारीख जुळवता आली तर जरूर जुळवा.