नरकासुराचं डोकं फिरेना, आयसी मात्र तापते

प्रश्न : नमस्कार सर, आमच्या वाड्यावर दर वर्षी दिवाळीला जाळायचा नरकासुराचा पुतळा करतो, यंदा त्याचं डोकं डावी-उजवीकडे हलवायचं ठरलंय. पिवळी गिअरवाली छोटी मोटर, चार पेन्सिल सेल, आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) आणि ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडणी करायची पट्टी) मोटर चालवणारी एल२९३डी आयसी. नुसती मोटर झकास फिरते, पण डोकं चढवलं की रडतखडत चालते, आयसीला बोट लावता येत नाही, मग सगळं बंद पडतं आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होतं. दोन आयसी बदलल्या. काय चुकतंय?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : अरे, तिसरी बदलू नको, आयसी चांगलीच आहे. बंद पडून परत सुरू होते ना, ते तिच्या आतलं थर्मल शटडाऊन, म्हणजे फार तापली की आपोआप बंद होणं, ती स्वतःला वाचवतेय. एल२९३डी जुन्या बायपोलर ट्रान्झिस्टरची आयसी, मोटरचा करंट तिच्यात एका वरच्या आणि एका खालच्या ट्रान्झिस्टरमधून जातो आणि ते दोघं मिळून अडीच व्होल्टच्या आसपास खातात, म्हणजे तुझ्या ६ व्होल्टमधले मोटरपर्यंत साडेतीनच पोचतात. अर्धा अँपिअर धरला तरी सव्वा वॅट उष्णता त्या एवढ्याशा आयसीत. तिच्या मधल्या चार ग्राउंड पिना उष्णता बाहेर काढायलाच दिल्यात, त्या पीसीबीच्या मोठ्या तांब्यावर सोल्डर करायच्या असतात, ब्रेडबोर्डवर उष्णता जाणार कुठे?

तू तिच्या जागी डीआरव्ही८८३३ या मोटर ड्रायव्हरचं छोटं मॉड्यूल घे. आत मॉसफेट, म्हणजे नव्या जातीचे ट्रान्झिस्टर आहेत, वरचा-खालचा मिळून जेमतेम ०.३६ ओहम, त्यामुळे अर्ध्या अँपिअरला ०.२ व्होल्टसुद्धा जात नाही. २.७ ते १०.८ व्होल्ट चालते, म्हणून १२ व्होल्टची बॅटरी चुकूनही लावू नको. स्लीप पिन हाय केल्याशिवाय ती जागी होत नाही, बरेच जण इथेच अडकतात आणि मॉड्यूल मेलं समजून फेकून देतात!

पण त्याआधी एक काम कर. मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर मोटरच्या सिरीजमध्ये लाव, शाफ्ट हाताने घट्ट धर, एक सेकंदच, आणि आकडा बघ. हा स्टॉल करंट. एल२९३डीला सतत ६०० मिलीअँपिअरच झेपतात आणि डोकं टोकाला जाऊन अडलं की मोटर हाच मोठा करंट ओढते, म्हणून दोन्ही टोकांना डोकं टेकलं की दाबला जाणारा मायक्रोस्विच बसव, नुसत्या टायमिंगवर राहू नको.

दिशा बदलतानाही थेट उलटं करायचं नाही, फिरत्या मोटरचं स्वतःचं व्होल्टेज सेलच्या व्होल्टेजमध्ये मिळून करंट स्टॉलच्याही वर जातो. दोन्ही इनपुट लो करून पाव सेकंद थांब, मग उलट दिशा दे. मॉड्यूलजवळ १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि मोटरच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक लाव, नाहीतर आर्डुइनो मध्येच रिसेट होईल.

हात हलवायला गाडीच्या वायपरची मोटर लावायचा बेत असेल तर ती या आयसीवर नको, ती कितीतरी जास्त अँपिअर ओढते, तिला वेगळा मोठा ड्रायव्हर लागतो.

आणि मोटरच्या वायरींना मध्ये कनेक्टर ठेव रे, पहाटे जाळायच्या घाईत कुणी सोडवत बसत नाही. सेल आगीत फुटतात, सेल, बोर्ड आणि मोटर काढूनच काडी लावा.