क्रेटचं दार आधी उघडंच राहू द्या

'कुत्र्याला पिंजऱ्यात ठेवणं क्रूरपणाचं नाही का?' मी कुत्र्यांना शिकवते, आणि माझ्याकडे येणारे बरेच जण हा प्रश्न विचारतात, आणि जे विचारत नाहीत त्यांच्याही मनात तो असतोच. अनघाने फोनवर तोच विचारला, पण तिच्या हाताशी वेळ कमी होता. तिच्या चिंगीच्या मागच्या पायाच्या गुडघ्यातलं लिगामेंट फाटलं होतं. ऑपरेशन महिन्याभरावर होतं. त्यानंतर सहा ते आठ आठवडे उड्या, जिने, सोफा सगळं बंद आणि दिवसाचा बराचसा वेळ क्रेटमध्ये, म्हणजे कुत्र्यांसाठीच्या घडीच्या पिंजऱ्यात, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. (सगळ्यांची नावं बदलली आहेत, चिंगीचंसुद्धा.)

चिंगी रस्त्यावरून घरात आलेली गावठी कुत्री, तीनेक वर्षांची. घर पुण्यात सिंहगड रस्त्याला. अनघा, तिचा नवरा सचिन, सहावीतली ईरा आणि सचिनची आई. क्रेट आणून झाला होता, एक ट्रेनरही बोलावून झाला होता. त्याने सांगितलं, आत घाला, दार लावा, कितीही रडली तरी ढुंकून बघू नका, दमली की आपोआप गप्प बसेल. चिंगीने दाराच्या तारा खरवडल्या, त्यात एक नख मुळापासून उपटलं. तेव्हापासून क्रेटची नुसती घडी उलगडण्याचा आवाज झाला तरी ती बाल्कनीच्या कोपऱ्यात जाऊन बसायची.

मी गेले तेव्हा आजी म्हणाल्या, "हे बघा, ऑपरेशन करा, औषधं द्या, मी रात्रभर जागेन. पण माझ्या डोळ्यांदेखत त्या मुक्या जिवाला तुरुंगात घालायचं नाही."

अशा वेळी घरातली तरुण मंडळी डोळ्यांनीच मला खुणावतात, की यांच्याकडे लक्ष देऊ नका. मला मात्र आधी आजींशीच बोलायचं असतं. त्यांच्या म्हणण्यात तथ्य असतं. आपल्याकडच्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये, प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हाच आहे. स्वीडन आणि फिनलंडमध्ये तर घरात कुत्र्याला बंद पिंजऱ्यात ठेवण्यावर कायद्याचे कडक निर्बंध आहेत. तेव्हा आजींना जे खटकत होतं ते हळवेपणा म्हणून उडवून लावण्यासारखं नव्हतं. एवढंच मी त्यांना सांगितलं, आणि पुढे म्हटलं, "आजी, चिंगीला ऑपरेशन झालंय हे कळणार नाही. दुखणं कमी झालं की ती सोफ्यावर उडी मारणार, आणि त्या एका उडीत सगळं केलेलं वाया जाऊ शकतं. तुम्ही जागाल, पण झेप घेणाऱ्या कुत्र्याला धरू शकाल का?" त्या काही बोलल्या नाहीत. पण उठूनही गेल्या नाहीत.

दमून गप्प बसण्याबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. गप्प झालेलं कुत्रं शांत झालेलंच असतं असं नाही. उष्मा नसताना धापा टाकणं, ओठ चाटत राहणं, झोप नसताना जांभया देणं, कान मागे पाडून डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं बघणं, ही भ्यालेल्या कुत्र्याची लक्षणं आहेत आणि ती बिनआवाजाची असतात. पावलोव्हची कुत्री आपण शाळेत शिकतो. जेवणाआधीची खूण कळली की त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. चिंगी अगदी तशीच शिकली होती, फक्त तिच्यासाठी क्रेट ही नख उपटण्याची खूण झाली होती. ती खूण बदलायची, तर क्रेटशी दुसरं काहीतरी जोडावं लागतं, आणि ते दार लावून जमत नाही.

म्हणून पहिलं काम दार काढण्याचं. तारेच्या क्रेटचं दार बहुतेक वेळा बिजागरीतून सुटतं. क्रेट मागच्या खोलीत वॉशिंग मशीनशेजारी होता, तो हॉलमध्ये आजींच्या खुर्चीजवळ आणला, कारण चिंगी दुपारी तिथेच लवंडायची. खालचा ट्रे पायाखाली खडखडत होता, त्यावर जुनी गोधडी घातली. तीन बाजूंनी चादर टाकली, पण पंख्याचा वारा लागेल अशी. आत जाताना गळ्यातला पट्टा काढायचा, तो तारेत अडकू शकतो. मापाबद्दल साधा नियम असा, की कुत्र्याला मान न वाकवता उभं राहता यावं, वळता यावं, पाय ताणून झोपता यावं. पण ऑपरेशननंतर जखम चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन असणार, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कोन घालून तिला त्या क्रेटमध्ये वळताच आलं नसतं. सचिनने दुकानात जाऊन मोठा बदलून आणला.

मग खेळ. घरात अंडंसुद्धा येत नाही, तेव्हा बक्षीस म्हणजे पनीर, वाटाण्याएवढे तुकडे. ते तिच्या रोजच्या जेवणातूनच वजा करायचे, कारण वाढलेलं वजन त्याच गुडघ्यावर येणार. (मनुका, चॉकलेट आणि कांदा-लसणाचं काहीही नको. कुत्र्यांना ते विषारी आहे.) पहिले तुकडे क्रेटच्या आत नव्हेच, क्रेटपासून हातभर लांब ठेवले. तिथे ती क्रेटकडे तिरका डोळा ठेवून का होईना, खात होती. ठेवणाऱ्याने ठेवायचं आणि निघून जायचं. ईराला राहवेना. चिंगीने उंबऱ्यावर पाय ठेवला की ही मागून हलकेच ढकलायची आणि चिंगी मागे फिरायची. मी ईराला एक काम दिलं. चिंगी किती आत गेली हे वहीत लिहायचं, नाक, मान, पुढचे पाय, सगळी. हात वहीत गुंतले, ढकलणं थांबलं.

सगळी आत जाऊ लागली तेव्हा आत-बाहेरचा खेळ. यात घरोघरी एकच गडबड होते. कुत्रं आत जातं, लगेच बाहेर येतं, आणि बाहेर आल्यावर सगळे टाळ्या वाजवून खाऊ देतात. मग कुत्रं काय शिकणार? मजा बाहेर आहे. अनघाच्या घरीही तेच चाललं होतं. मी उलटं करायला सांगितलं. आत गेली की पनीर मागच्या भिंतीशी, तारांमधून. तिथेच उभी राहिली की आणखी एक. बसली की आणखी. मग 'चल' म्हणायचं आणि बाहेर आल्यावर काही नाही, कौतुकही नाही. थोडा वेळ ती तुमच्या तोंडाकडे बघते. मग स्वतःहून वळून परत आत जाते. या खेळातली सगळी मेख त्या वळण्यात आहे. तिला कुणी आत नेलेलं नसतं.

व्हिडिओंमध्ये कुत्री दुरून धावत येऊन क्रेटमध्ये झेपावताना दिसतात. धडधाकट कुत्र्याला तो प्रकार फार आवडतो आणि मीही तो शिकवते. फाटलेल्या लिगामेंटला तो चालणार नव्हता. खाऊ फेकायचा नाही, हाताने ठेवायचा, आणि सगळं चालीने.

मग दार परत बसवलं, पण आधी ते चिंगी बाहेर असताना लावलं. पनीर आत, दार बंद, चिंगी बाहेर. तिने तारेला नाक लावलं, आमच्याकडे पाहिलं, पंजाने दार हलकं ओढलं. लगेच उघडलं. हा खेळ मी घाईने कधीच खेळत नाही, कुत्रं आधी मोकळेपणाने आत-बाहेर करत असलं तरच. पण त्या टप्प्याला तो कमाल करतो, कारण ज्या दाराने कोंडलं होतं ते दार आता पनीरच्या आड येतंय.

आत असताना दार हलवणं हा सगळ्यात नाजूक भाग. पद्धत अशी, की कुत्रं आत बसलेलं असताना दार उघडायला घ्यायचं. ते उठून निघालं तर दार हलकेच लोटायचं, बसून राहिलं तर उघडून खाऊ द्यायचा आणि 'चल' म्हटल्यावरच बाहेर. अनेक ट्रेनर हे पहिल्या आठवड्यातच करतात. आधी घाबरलेल्या कुत्र्याच्या तोंडावर दार लोटणं मला पटत नाही. चिंगी उठली की आम्ही दार सताड उघडत होतो आणि पुढच्या खेपेला ते थोडं कमी हलवत होतो. कडीचा 'खट' आवाज तर वेगळाच शिकवला. दार उघडं ठेवून नुसती कडी वाजवायची आणि पनीर द्यायचं.

दार लागल्यावर वेळ वाढवायचा तोही एका रेषेत नाही. पाच सेकंद, मग दोन, मग दहा, मग तीन. दर वेळी जास्तच होतंय हे कुत्र्याच्या लक्षात आलं की ते आत जायला कां-कूं करू लागतं. इथे आजी कामाला आल्या. दुपारी त्या पोथी वाचत. मी म्हटलं, पान उलटलं की एक तुकडा तारांमधून टाका. कधी मध्येच फोन यायचा, कधी डुलकी लागायची, त्यामुळे तुकडा कधी पडेल याचा चिंगीला अंदाज येईना. मी ठरवून आखलं असतं तर इतकं जमलं नसतं. शिवाय आजी तिच्याकडे टक लावून बघत नसत. बाकीचे तिघं 'झोपली का, झोपली का' करत वाकून बघत आणि ती उठून बसे.

एका रविवारी सचिन दार लावून दूध आणायला गेला. त्याला वाटलं पाच मिनिटं काय ती. तो परत आला तेव्हा चिंगी उभी राहून भुंकत होती, आणि दुसऱ्या दिवशी ती उंबऱ्याशीच अडली. अनघा रडवेली झाली. खरं तर दोन पायऱ्या मागे जायचं, दार उघडं ठेवून पुन्हा आत-बाहेर खेळायचं, एवढंच करावं लागतं. 'रडल्यावर उघडलं तर रडायची सवय लागेल ना?' हे भय सगळ्यांना असतं. मी उघडायला सांगते. शू लागली असेल, उकडत असेल, किंवा आपण वेळ एकदम वाढवला असेल. एकदा उघडल्याने कुत्रं बिघडत नाही, पुढची पायरी लहान करा म्हणजे झालं. भुंकणं थांबवण्यापेक्षा ते सुरूच होणार नाही इतका वेळ निवडणं सोपं असतं.

चिंगीच्या बाबतीत एक गोष्ट मी सुरुवातीलाच तपासून घेतली होती. घरात कुणी नसताना मोबाईल लावून चित्रण करायला सांगितलं. ती सोफ्याखाली निवांत झोपलेली दिसली. म्हणजे तिची अडचण क्रेटची होती, एकटेपणाची नव्हती. एकटं राहताच सैरभैर होणाऱ्या कुत्र्याला क्रेट हा उपाय नाही. अशी कुत्री तारा चावून दात मोडून घेतात. त्यांना पशुवैद्याकडे आणि वागणुकीच्या जाणकाराकडे न्यावं. नऊ तासांच्या ऑफिससाठी पिल्लू क्रेटमध्ये ठेवायचं असेल, तर मी सरळ नाही म्हणते. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला इतका वेळ शू धरता येतच नाही.

ऑपरेशन ठरल्या तारखेला झालं. तोवर चिंगी दार लावून, कुकरच्या शिट्ट्या होत असतानाही, तासाभराची झोप काढत होती. कोनाची सवयही आधीच करून घेतली होती, कोनातून पनीर खाऊन. पहिल्या दोन रात्री ती कण्हली. ते दुखणं होतं, डॉक्टरांनी औषध बदलून दिलं. पुढे मीठ-फोडणी नसलेला दहीभात पोकळ रबरी खेळण्यात भरून, फ्रीझरमध्ये गोठवून दुपारी द्यायचा असा आजींनी परिपाठ ठेवला. ते चाटून संपवायला तिला बराच वेळ लागे आणि मग ती झोपे. शू-शीसाठी पट्टा लावून सावकाश बाहेर, डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. ते आठवडे कंटाळवाणे गेले, माणसांनाही.

डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर सचिनने विचारलं, "आता घडी करून माळ्यावर टाकू ना?" मी थांबवलं. दार उघडं ठेवून तो तिथेच राहू दे, आठवड्यातून दोन-तीनदा न सांगता आत काहीतरी टाका. दिवाळी जवळ येत होती आणि चिंगी फटाक्यांना घाबरते. तीन बाजूंनी जाड पांघरूण, खिडक्या बंद, टीव्ही जरा मोठा, आणि ती आत गेली तर जाऊ दे. मात्र फटाके वाजत असताना कडी लावायची नाही.